कढई कोणाची, विस्तव कोणाचा

जर्मनीत श्टुटगार्टजवळ होखडॉर्फ नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या शेतात 1978 साली उत्खनन सुरू झाले आणि इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या एका केल्टिक सरदाराची कबर सापडली. लुटारूंचा हात तिला कधी लागला नव्हता. सरदाराला ब्राँझच्या लांबलचक बाकावर निजवले होते, त्याच्या जोड्यांवर सोन्याचे पत्रे जडवले होते आणि पायांकडे ब्राँझची एक अजस्र कढई ठेवली होती. तिच्यात सुमारे 500 लिटर द्रव मावतो. काठावर तीन सिंह पहुडले आहेत. त्यांतल्या दोघांवर ग्रीक कारागिराची सफाई दिसते. तिसरा मागाहून कोणा स्थानिकाने घडवून बसवला आहे आणि तो जरा ओबडधोबडच आहे. तळाच्या वाळलेल्या गाळात फुलांचे परागकण मिळाले, त्यावरून कढईत मधाचे मद्य होते हे कळले. कबरीच्या भिंतीवर नऊ पेयशिंगे टांगलेली होती. आठ रानबैलांची, नववे लोखंडाचे. हे नववे साडेपाच लिटरचे, सरदाराच्या डोक्याशी लटकवलेले. जेवणाच्या थाळ्याही नऊच.

कढईच्या प्रतीकाविषयी बोलताना मला या कबरीपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण एका कढईभोवती नऊ जण बसतात आणि त्यांतल्या एकाचे शिंग सगळ्यांपेक्षा मोठे असते, एवढी गोष्ट ती अगदी उघडपणे सांगते. पौराणिक कढईवर आज जे लिहिले जाते त्यात ही गोष्ट जवळजवळ गायब आहे. तिथे दुसरेच सूत्र चालते: कढई म्हणजे आदिमातेचे गर्भाशय, जिच्यात जुने विरघळते आणि नवे जन्म घेते. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या 1948 सालच्या ‘द व्हाइट गॉडेस’ने या विचाराला काव्याची झळाळी दिली. जेराल्ड गार्डनर यांनी 1954 साली ‘विचक्राफ्ट टुडे’ लिहिले आणि त्यांच्यापासून वाढलेल्या विक्का पंथात कढई विधीच्या मधोमध येऊन बसली. शतकानुशतके चेटकीण म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईच्या हातातले भांडे पवित्र मानायचे, तिची विटंबना पुसून काढायची, ही या वाचनामागची कळकळ आहे. ती खरी आहे आणि तिच्याविषयी मला आदर वाटतो.

तरीही हे वाचन मला मान्य नाही. मूळ कथा त्याला साथ देत नाहीत. शिवाय कढईला गर्भाशय म्हटले की तिच्याखाली जाळ घालणारी, आतले ढवळणारी, चटके सोसणारी माणसे नजरेआड होतात. गर्भ आपोआप वाढतो. कढईतले आपोआप शिजत नाही. गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभे राहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही: चुलवणात चिपाडे सारणारा, मळी काढणारा, पाक कधी उतरवायचा हे ओळखणारा गुळव्या, आणि गूळ ज्याच्या मालकीचा तो, ही सगळी वेगवेगळी माणसे असतात. पुराणातल्या कढयांकडे मी याच नजरेने पाहतो. जाळ कोणी घालायचा, कोणाला किती मिळायचे आणि कोणाला आत टाकायचे, हे ज्याच्या हातात असते त्याची कढई असते. युरोपातल्या कढईकथा मुख्यतः या हक्काच्या कथा आहेत.

गर्भाशयवाल्यांचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे वेल्समधली ‘पुनर्जन्माची कढई’. ती येते ‘माबिनोगी’च्या दुसऱ्या शाखेत, ब्रानवेनच्या कथेत. चौदाव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या हस्तलिखितात ही कथा आपल्याला मिळते. कथा अर्थात त्याहून जुनी. ब्रिटनचा राजा ब्रान आपली बहीण ब्रानवेन आयर्लंडच्या माथोलूख राजाला देतो. लग्नाच्या गडबडीत आपल्याला कोणी विचारले नाही म्हणून त्यांचा सावत्र भाऊ एव्हनिस्येन पाहुण्यांच्या घोड्यांचे ओठ, कान, शेपट्या कापून टाकतो. या अपमानाची भरपाई म्हणून ब्रान सोने देतो, चांदी देतो, घोड्यामागे घोडा देतो. तेवढ्याने पाहुण्याचा चेहरा खुलत नाही म्हटल्यावर कढई देतो. आज मारला गेलेला माणूस तिच्यात टाकला तर उद्या तो पूर्वीइतकाच चांगला लढेल. फक्त त्याला वाचा नसेल.

ही अट पुष्कळजण ओझरती सांगून पुढे जातात. मला वाटते, कथेचा सगळा भार तिच्यावर आहे. गर्भाशयातून आलेला जीव सगळ्यात आधी रडतो, आवाज करतो. या कढईतून जे बाहेर येते त्याच्याकडे हात आहेत, पाय आहेत, तलवार आहे. बोलणे तेवढे नाही. ते ‘नको’ म्हणू शकत नाही, आपण कोणासाठी मेलो हे विचारू शकत नाही. राजाला सैनिकाकडून जे हवे असते तेवढेच कढईने परत केले आहे. याला पुनर्जन्म म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण तो सैन्याचा पुनर्जन्म आहे, माणसाचा नव्हे.

आता याच कथेतली दुसरी चूल पाहा. आयर्लंडमध्ये वर्षभर ब्रानवेनचे कौतुक होते, तिला मुलगा होतो. मग घोड्यांचा अपमान लोकांना पुन्हा आठवतो आणि त्याचा सूड तिच्यावर उगवतो. राणीला राजाच्या शय्येवरून उठवून दरबाराच्या स्वयंपाकघरात जुंपले जाते. खाटीक मांस तोडून झाले की रोज येतो आणि तिच्या कानशिलात लगावतो. हे तीन वर्षे चालते. कणीक मळायच्या काथवटीच्या काठावर ती एका साळुंकीच्या जातीच्या पाखराला बोलायला शिकवते आणि त्याच्या पंखाला चिठ्ठी बांधून भावाकडे धाडते. म्हणजे एकाच राज्यात दोन भांडी आहेत. एक राजाने राजाला दिलेले, भेट म्हणून मिरवलेले, ज्यातून मुके सैनिक निघतात. दुसरे मुदपाकखान्यातले, ज्यापाशी राणी रोज मार खाते, आणि मुक्या पाखराला वाचा मिळते ती तिथे. कथाकाराने ही दोन चित्रे शेजारी ठेवली, हे मी योगायोग मानत नाही.

केरिडवेनची कथा याहून अधिक गाजलेली. सोळाव्या शतकात एलिस ग्रिफिद या वेल्श सैनिकाने ती लिहून ठेवली आणि एकोणिसाव्या शतकात लेडी शार्लट गेस्ट यांच्या इंग्रजी अनुवादाने ती जगभर पोचवली. जादूविद्येत निष्णात असलेल्या केरिडवेनचा मुलगा फार कुरूप असतो. निदान ज्ञानामुळे तरी त्याला मान मिळावा म्हणून ती एक वर्ष आणि एक दिवस उकळत ठेवायचा काढा करते. औषधी वनस्पती ती स्वतः वेळेवर, ग्रहमान पाहून गोळा करते. जाळ घालायला मोर्दा नावाचा आंधळा म्हातारा बसवते, ढवळायला ग्विऑन नावाचा पोरगा. वर्ष सरते आणि तीन थेंब ग्विऑनला मिळतात. प्रचलित कथेत ते उडून त्याच्या बोटावर पडतात आणि चटका बसला म्हणून तो बोट तोंडात घालतो. ग्रिफिदच्या पाठात तो धन्याच्या मुलाला ढकलून त्याच्या जागी उभा राहतो. एकात अपघात, दुसऱ्यात चोरी. पण वर्षभर ढवळणाऱ्याला तीन थेंबांचा हक्क पोचतो, असे कोणत्याच पाठात कोणाच्या मनातही येत नाही.

उरलेला काढा विष असतो. कढई तडकते, विष ओढ्याला मिळते, खाली पाणी पिणारे ग्विद्नो गारानहीर या सरदाराचे घोडे मरतात. केरिडवेन परत येते आणि गेस्टच्या अनुवादात पहिल्यांदा लाकडाचा ओंडका उचलून मोर्दाच्या डोक्यात घालते; त्याचा एक डोळा गालावर लोंबकळतो. मी निरपराध आहे, असे तो म्हणतो. तिलाही ते पटते. मग ती ग्विऑनचा पाठलाग सुरू करते: तो ससा होतो, ती शिकारी कुत्री, तो मासा, ती पाणमांजर, तो पाखरू, ती ससाणा, शेवटी तो गव्हाचा दाणा होतो आणि ती कोंबडी होऊन त्याला गिळते. नऊ महिन्यांनी तिच्या पोटी तो जन्माला येतो. हाच पुढे कवी तालिएसिन.

ही कथा कढईच्या गर्भाशयपणाचा पुरावा म्हणून दिली जाते तेव्हा मला नवल वाटते. पुनर्जन्म होतो तोपर्यंत कढई फुटून गेलेली आहे. जन्म बाईच्या पोटातून होतो, नऊ महिन्यांनी, जसा कोणाचाही होतो. कढईचा आणि गर्भाचा मार्ग कथेनेच वेगळा ठेवला आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये एका आंधळ्या नोकराचा फुटलेला डोळा आहे. केरिडवेनला देवी करून तिच्या कढईची पूजा मांडताना मोर्दाचे नावही निघत नाही, याचे मला वाईट वाटते.

कधीच न सरणाऱ्या भांड्यांनाही अटी असतात. आयरिश देव दाग्दाच्या कढईवरून कोणी उपाशी उठत नाही, अशी तिची ख्याती. ती बाळगणारा सगळ्या देवांचा पोशिंदा ठरतो. तालिएसिनच्या नावावर असलेल्या एका जुन्या वेल्श कवितेत आर्थर अन्नून या परलोकावर स्वारी करतो. तिथल्या कढईला मोत्यांची कड आहे, नऊ कुमारिकांच्या फुंकरीने ती तापते आणि भित्र्याचे अन्न ती शिजवत नाही. कोण शूर हे जेवणाच्या आधी ठरते आणि फुंकर घालणाऱ्या नऊ जणींच्या वाट्याचा प्रश्नच निघत नाही. आपल्याकडे वनपर्वात सूर्याने युधिष्ठिराला दिलेल्या तांब्याच्या भांड्याची अट याच जातीची आहे. ब्राह्मण जेवतात, भाऊ जेवतात, युधिष्ठिर जेवतो आणि सगळ्यांच्या शेवटी द्रौपदी जेवली की त्या दिवसाचे अन्न संपते. अक्षय म्हणून ज्याची कीर्ती, त्याचा रोजचा क्षय वाढणारीच्या घासाला बांधलेला आहे.

चीनमध्ये तर कढईचा राज्याशी असलेला संबंध इतका उघड होता की लपवायची गरजच पडली नाही. नऊ देगा ज्याच्या ताब्यात तो स्वर्गाने नेमलेला राजा. इ.स.पूर्व 606 मध्ये चू राज्याच्या राजाने झोऊ दरबाराच्या दूताला त्यांचे वजन विचारले आणि या एका प्रश्नावरून त्याचा मनसुबा सगळ्यांना कळला.

मला जास्त रेंगाळावेसे वाटते ते डेन्मार्कमध्ये. 1891 साली उत्तर जटलंडच्या हिमरलंड भागात गुंडेस्ट्रपजवळ दलदलीतली माती खणताना चांदीची एक कढई मिळाली. पत्रे सुटे करून तळाच्या भांड्यात रचून ठेवलेले होते, म्हणजे कोणीतरी विचारपूर्वक ती तिथे सोडली होती. वजन जवळजवळ 9 किलो, व्यास 69 सेंटिमीटर. चांदीकाम बाल्कनकडच्या थ्रेशियन कारागिरांच्या वळणाचे, चित्रांतल्या वस्तू मात्र केल्टिक. हिच्या एका पत्र्यावर मांडी घालून बसलेला, हरणाची शिंगे असलेला, प्राण्यांनी वेढलेला पुरुष आहे. मोहेंजोदडोच्या तथाकथित पशुपती मुद्रेशी त्याची तुलना अनेकांनी केली आहे. दोन हजार वर्षांचे अंतर पाहता त्या साम्यावर मी फार इमले बांधणार नाही.

माझी नजर दुसऱ्या पत्र्यावर खिळते. खालच्या ओळीत पायदळ चालले आहे, हातात भाले, लांब ढाली, मागे रानडुकराच्या तोंडाची उंच रणशिंगे फुंकणारे. रांग डावीकडे सरकते. तिथे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची एक आकृती उभी आहे आणि ती एका माणसाला कमरेला धरून, डोके खाली करून, खोल भांड्यात बुडवते आहे. वरच्या ओळीत घोडेस्वार उलट दिशेने निघाले आहेत. काही अभ्यासक म्हणतात, हे मेलेल्यांचे पुनरुज्जीवन: प्यादे आत जातात, स्वार होऊन बाहेर येतात. काही म्हणतात, हा बळी आहे. तेउतातेस देवासाठी माणसाला भांड्यात उलटे बुडवून गुदमरवत, अशी नोंद रोमन कवी ल्युकनवरच्या जुन्या टिपांमध्ये आहे. या वादाचा निकाल लागेल असे मला वाटत नाही, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. बुडवणे मारण्यासाठी असो की जगवण्यासाठी, रांगेतल्या कोणाचा हात त्या भांड्याच्या काठावर नाही. सगळ्यांचे चेहरे सारखे. चेहऱ्याने वेगळी आणि आकाराने मोठी आहे ती एकच व्यक्ती, बुडवणारी.

हिमरलंड हे नाव किंब्री लोकांवरून आले असे मानतात. या किंब्रींविषयी ग्रीक भूगोलकार स्ट्राबो दोन गोष्टी सांगतो. त्यांच्या पांढऱ्या केसांच्या, शुभ्र वस्त्रांतल्या, अनवाणी पुरोहित स्त्रिया युद्धकैद्यांना एका मोठ्या ब्राँझच्या कढईपाशी नेत, काठावर त्यांचा गळा चिरत आणि आत पडणाऱ्या रक्तावरून भविष्य सांगत. कढईपाशी उभ्या भयंकर म्हाताऱ्या बायांचे हे फार जुने चित्र आहे आणि ते शत्रूच्या बाजूने काढलेले आहे. दुसरी गोष्ट: याच किंब्रींनी आपली सगळ्यात पवित्र कढई सम्राट ऑगस्टसला नजर केली आणि जुने अपराध पोटात घाला अशी विनवणी केली. सत्ता रोमकडे गेली, मागोमाग कढई गेली. ब्रानने माथोलूखला कढई दिली त्यामागचा हिशेबही हाच होता.

मग ही राजांची, देवांची, विजेत्यांची कढई चेटकिणीच्या झोपडीत कशी आली? मीडियाची ग्रीक कथा इथे वाटेवर लागते. म्हातारा मेंढा चिरून तिने कढईत टाकला आणि आतून कोकरू निघाले. ते पाहून पेलियास राजाच्या मुलींनी बापाला चिरले आणि बाप काही परत आला नाही. ज्ञान बाईकडे, तेही परदेशी बाईकडे असले की कढईचे काय होते, याची धास्ती ग्रीकांनी मडक्यांवर पुन्हापुन्हा रंगवली. पण खरा बदल पंधराव्या शतकाच्या शेवटी झाला. कॉन्स्टान्सचा कायदेपंडित उलरिख मोलिटर याने 1489 मध्ये चेटकिणींवर एक पुस्तक काढले. त्यातल्या लाकडी ठशाच्या चित्रात दोन बायका कढईपाशी उभ्या आहेत, एक कोंबडा टाकते आहे, दुसरी साप, आणि वर आभाळातून गारा कोसळताहेत. बायकांना खरोखर वादळ आणता येत नाही, तो सैतानाचा भास आहे, असे मोलिटरचे मत. पण मजकूर वाचणारे मूठभर आणि चित्र पाहणारे हजारो. पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि कढईवाली बाई छापील युरोपच्या डोळ्यांत ठसली.

कढई तीच होती. साधीसुधी, घरोघरची, विस्तवावर टांगलेली. राजाकडची कढई मेजवानीची होती. गरीब म्हातारीकडची संशयाची झाली. काढे करणारी, बाळंतपणे करणारी, एकटी राहणारी बाई आपल्या भांड्यात काय शिजवते हे कोणाच्या ताब्यात नव्हते, आणि तेवढे पुरेसे होते. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या तीनशे वर्षांत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे 40 ते 60 हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य बायका होत्या.

संशय फक्त बाईपुरता राहिला नाही. 1531 मध्ये रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर यांच्या घरी लापशी खाऊन दोघे दगावले. रिचर्ड रूस या आचाऱ्यावर विषप्रयोगाचा आळ आला. आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटने विषप्रयोगाला राजद्रोह ठरवणारा कायदा केला आणि रीतसर खटला न चालवता रूसला लंडनच्या स्मिथफील्डमध्ये जिवंत उकळले. कढईचा धनी कोण, आचारी की राजा, याचा याहून क्रूर निवाडा मला माहीत नाही.

निवाडा करणारी कढई आपल्यालाही अनोळखी नाही. मध्ययुगीन युरोपात आरोपीला उकळत्या पाण्यातून दगड काढावा लागे. हात बांधून ठेवत, तीन दिवसांनी उघडून बघत. 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना या विधीत भाग घ्यायला मनाई केली आणि तो हळूहळू मागे पडला. मराठी मुलखात वतनाच्या भांडणात गोतसभेपुढे ‘रवा दिव्य’ होई: उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हातावर पिशवी चढवून मोहर करायची आणि पुढे उघडून फोड आहेत का ते पाहायचे. एकमेकांना न भेटलेल्या दोन समाजांनी इतकी सारखी रीत बसवली, कारण उकळणारे भांडे सगळीकडे एकच काम चोख करते: ज्याचा हात आत जातो तो दुबळा, आणि जो बाजूला उभा राहून पाहतो तो न्यायाधीश. नवऱ्याने बायकोला पातिव्रत्य सिद्ध करण्यासाठी उकळत्या तेलातून नाणे काढायला लावल्याची बातमी या शतकातही महाराष्ट्रातून आली आहे. सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून छळणे थांबावे म्हणून 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वापरावा लागतो. कढईला पवित्र गर्भाशय म्हणणाऱ्या सुंदर वाक्यांना हा चटका लागत नाही, ही माझी त्यांच्याविषयीची खरी तक्रार आहे.

ब्रानवेनच्या कथेचा शेवट अजून सांगायचा राहिला आहे. बहिणीची चिठ्ठी पोचल्यावर ब्रान आयर्लंडवर चालून जातो. तह होऊ घातलेला असतानाच एव्हनिस्येन ब्रानवेनच्या लहान मुलाला विस्तवात फेकतो आणि लढाई पेटते. आयरिश लोक कढईखाली जाळ करतात, प्रेते आत टाकतात, सकाळी मुके योद्धे उठतात. हे आपल्यामुळे झाले हे एव्हनिस्येनला कळते तेव्हा तो शत्रूच्या प्रेतांत जाऊन निजतो. दोघे आयरिश त्यालाही उचलून कढईत टाकतात. आत तो सगळ्या अंगाने ताणतो, कढईचे चार तुकडे होतात आणि त्याचे काळीजही फुटते. या सगळ्या कथांत कढईत गेलेल्या माणसाने आतून तिच्यावर जोर लावल्याचे मला आठवते ते हे एकच उदाहरण, आणि ती फुटते.

ब्रिटनकडचे सात पुरुष वाचतात. ब्रानवेन दोन बेटे आपल्यापायी उजाड झाली या दुःखाने मरते. आयर्लंडमध्ये कोणीच उरत नाही. उरतात फक्त एका गुहेत लपलेल्या पाच गरोदर बायका. कढई मोडलेली आहे आणि ती पुन्हा सांधायचा विचार कथेत कोणी करत नाही. त्या पाच बायका बाळंत होतात, पाच मुलगे होतात, ते मोठे होऊन देश पुन्हा वसवतात आणि आपसांत वाटून घेतात. आयर्लंडचे पाच प्रांत त्या वाटणीतून झाले, असे कथा सांगते.